स्फोटानंतरचे पहिले दोन तास, आणि पंच म्हणून उभा असलेला मी

हरिपूरचं पेव (सांगली)

जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतले शिक्षा झालेले बाराही जण निर्दोष ठरवले. ३१ तारखेला विशेष एनआयए न्यायालयाने मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही सोडले. विश्रामबागला आम्ही संध्याकाळी जिथे चहाला जमतो तिथे दोन्ही दिवशी कडाक्याची भांडणं झाली. भांडणारे तेच होते, दुसऱ्या वेळी फक्त बाजू बदलून बसले होते.

मी दोन्ही वेळा गप्प होतो. मला त्या बातम्यांतले वेगळेच शब्द टोचत होते. सील, ताबा, नमुने, पंचनामा. या शब्दांशी माझं जुनं वैर आहे.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका दुपारी साहेबांनी सांगितलं, "पोलीस ठाण्यातून पत्र आलंय, दोन सरकारी पंच पाहिजेत, तुम्ही आणि शिपाईमामा जा." गेलो. एका शेतातल्या गोदामात विनापरवाना जिलेटीनच्या कांड्या आणि डेटोनेटर सापडले होते. चार तास उभे होतो. गोदामात मेणबत्ती पेटवायची सोय नव्हती, म्हणून नमुन्याची पुडकी बाहेर चिंचेखाली आणून सील केली. कागदांवर सह्या केल्या, किती ते मोजलं नाही. घरी आलो, आंघोळ केली, विसरलो.

चार वर्षांनी समन्स आलं. बचावाच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. "सील कुठे केलं?" मी खरं ते सांगितलं, चिंचेखाली. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'जागीच'. "सील लाखेचं होतं की कागदी लेबलाचं?" मला आठवेना. तसं म्हणालो. वकीलसाहेब हसले आणि खाली बसले. आरोपी सुटला.

तो माल विहिरीसाठी होता की आणखी कशासाठी, देव जाणे. पण तेव्हापासून डोक्यात आहे की एखादा खरा बॉम्ब फुटतो, माणसं मरतात, रस्त्यावर काचांचा खच पडतो, तेव्हा हा सगळा कागद कोण आणि कसा करतं? टीव्हीवर दिसतो तो धूर आणि पुढे दिसतात ते बुरखा घातलेले आरोपी. मधलं काहीच दिसत नाही. इथे जाणकार आहेत, कृपया लिहा.

---

निवृत्त खाकी (सातारा)

पेवराव, आधी नमस्कार, मग शिव्या. मेणबत्ती आणि डेटोनेटर एका आवारात? चिंचेखाली होता म्हणून वाचलात असं समजू नका. तुमचं नशीब थोर.

मी जिल्ह्याच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात होतो. आम्ही त्याला नुसतं 'बीडीडीएस' म्हणतो. आता बोलायला हरकत नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, स्फोटाचा कॉल 'स्फोट' म्हणून येतच नाही. "सिलिंडर फुटला" म्हणून येतो, "डीपी उडाली" म्हणून येतो. पुण्याला १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत तेच झालं, सुरुवातीला सगळे सिलिंडरच म्हणत होते. तिथे १७ माणसं गेली. आता ११२ ला फोन केला की गाडी निघते, पण पहिला पोहोचतो तो बीट मार्शल, म्हणजे पंचविशीतलं पोरगं. त्याच्या हातात काठी आणि वॉकीटॉकी. पुढच्या दहा मिनिटांत ते पोरगं काय करतं त्यावर पुढची दहा वर्षं चालतात.

जखमी आधी, पुरावा नंतर. यात वाद नाही. लोक धावणार, रिक्षात घालणार, रक्तातून चालणार. अग्निशमनवाले पाणी मारणार आणि त्या पाण्याबरोबर निम्मं काही गटारात जाणार. ते थांबवायचं नसतंच. फक्त जिवंत माणसं निघाली की त्या क्षणी दोरी लागली पाहिजे. आपल्याकडे नेमकी तिथेच माती खातात. जखमी गेले की बघे येतात, मग पत्रकार, आणि शेवटी 'पाहणी'. पाहणी म्हणजे तीस-चाळीस जोडी बूट. मी एवढंच लिहितो, पेन्शन चालू आहे.

दुसरी गोष्ट, दुसरा बॉम्ब. अहमदाबादला २६ जुलै २००८ ला गावात स्फोट झाले, जखमींना सिव्हिलला नेलं आणि सिव्हिलच्या दारातच पुढचे फुटले. मदतीला आलेले गेले. म्हणून आम्ही पोहोचलो की आधी श्वान, मग आम्ही, मग बाकीचे. बॉम्बचं कुत्रं भुंकत नाही बरं का. वास लागला की गुपचूप खाली बसतं. १९९३ नंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्राडोरने तीन टनांहून जास्त आरडीएक्स असंच बसून बसून दाखवलं.

तिसरी गोष्ट, दोरी कुठे बांधायची. सगळ्यात लांब उडालेला तुकडा शोधायचा, त्या अंतराच्या दीडपट धरायचं. तुकडा शंभर मीटरवर सापडला तर दोरी दीडशेवर. तुमच्या हरभट रोडला हे करून बघा, निम्मी पेठ बंद होईल आणि व्यापारी संघटना निवेदन घेऊन येईल.

मग आत जायला एकच वाट. कोण गेला, किती वाजता, का, याची वही. चौकोन आखायचे, एकेक चौकोन झाडायचा, माती चाळायची. चाळणी हेच आमचं खरं हत्यार. वाळूवाल्यांची मोठी, मग बारीक, मग त्याहून बारीक. तारेचा तुकडा, बॅटरीचं टोपण, घड्याळाचं चाक, बॅगेची चेन, डब्याचा पत्रा. छतावर चढायचं, पन्हाळी बघायच्या, झाडावर बघायचं. कावळे आणि भटकी कुत्री यांच्या आधी बघायचं, हेही लिहायला हवं, माफ करा.

आणि मृतदेह. शवविच्छेदनाआधी एक्स-रे काढायचा, कारण बॉम्बच्या सगळ्यात जवळ जो असतो त्याच्या अंगात बॉम्बचे तुकडे असतात. सिव्हिलमध्ये कपडे कापून कोपऱ्यात फेकतात, तोही पुरावाच असतो. प्रत्येक माणसाचे कपडे वेगळे, आणि ओले असतील तर वाळवून कागदात. हे नर्सला कोणी सांगितलेलं नसतं.

---

भडंग_चिवडा_नव्हे (सांगली)

वाचनखूण साठवली. चहा थंड झाला.

---

ऊसमळी (वाळवा तालुका)

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. स्फोटकांचं काम केलेलं नाही, पण शिकताना न्यायसहायक प्रयोगशाळेत काही आठवडे घालवले होते. महाराष्ट्रात मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिनाला, आपल्या जवळची प्रादेशिक कोल्हापूरला.

खाकीसाहेबांच्या चाळणीपुढची गोष्ट सांगतो. स्फोटात सगळं जळत नाही. अगदी थोडा अंश न जळता राहतो आणि खड्ड्याच्या मातीला, जवळच्या पत्र्याला, खांबाला चिकटतो. कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून पुसून घेतात, कारण आरडीएक्स, टीएनटी ॲसिटोनमध्ये विरघळतात. नायट्रेट, क्लोरेटसारखे क्षार पाण्यात उतरतात, त्यासाठी पाण्याचा दुसरा बोळा. पुढे यंत्रं आहेत, क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणं) वगैरे. यंत्र खोटं बोलत नाही. पण यंत्राला काय खायला घातलं, ते यंत्राला माहीत नसतं.

गोम इथेच आहे. समजा तासगावच्या एखाद्या रस्त्यावर स्फोट झाला आणि मातीत पोटॅशियम नायट्रेट सापडलं. प्रयोगशाळा म्हणणार, नायट्रेट आहे. कोणीही द्राक्षवाला म्हणणार, अहो साहेब, ते तेरा-शून्य-पंचेचाळीस आहे, आम्ही ड्रिपमधून सोडतो! खरंच आहे, १३:०:४५ हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. म्हणून खड्ड्यापासून लांबची, त्याच रस्त्याची साधी मातीही घ्यावी लागते. तिला कंट्रोल नमुना म्हणतात. ज्याने तो बोळा धरला त्याच्या हातमोज्यांचा आणि न वापरलेल्या कापसाचाही नमुना पाहिजे. हे नसलं की अहवाल खरा असूनही कोर्टात कुचकामी.

पिशवीचंही तसंच. साध्या पॉलिथिनमधून वाफ निघून जाते आणि बाहेरची आत येते. हवाबंद डबा किंवा काचेची बरणी हवी. आणि एकाच जीपमध्ये मागच्या सीटवर आरोपीच्या घरातला मुद्देमाल आणि पुढच्या सीटवर खड्ड्याची माती असं आणलं, तर दोन्हीत एकच पदार्थ सापडल्याचं कौतुक कशाला करायचं?

---

जतचा बार (जत)

मी शिकलेला न्हाई, पन ह्यातलं जरा कळतंय. आमचा आज्जा आन् बा दोघं बी विहिरीला बार घालत हुते. पन्नास-साठ फूट काळा दगुड, पाणी लागंल न लागंल, पन बार घालायचाच. तवा तोटा, म्हंजे जिलेटीनची कांडी, मिळायचा दुकानात. आता परवान्याचं लई कडक झालंय.

खड्डा बघून सांगत हुते आमचे म्हातारे, काय माल हुता. जोरकस माल असला की दगुड बारीक चुरा हुतो, पत्रा कागदागत फाटतो, कडा पात्यागत धार धरतीय. साधी दारू असली तर नुसतं ढकलतंय, मोठं मोठं ढेकूळ फेकतंय, जाळ जास्त, धूर जास्त. आन् वास वेगळा. आज्जा वासावरनं सांगायचा, नव्या मालाचा हाय का सादळलेला.

न फुटल्याला बार सगळ्यात वंगाळ. आमच्यात न फुटल्या बाराकडं त्या दिशी कुणी जायाचं न्हाई. भाकरी खायाची, झोपायचं, दुसऱ्या दिशी बघायचं. एक चुलता घाई करून गेला. एक हात ऱ्हायला.

---

निवृत्त खाकी (सातारा)

जतकर, आम्हाला प्रशिक्षणात जे दोन दिवस शिकवलं ते तुम्ही एका परिच्छेदात लिहिलंत. फाटलेल्या पत्र्याची कडा बघणे हे पहिलं काम. वेगाचा फरक असतो. आरडीएक्सची लाट सेकंदाला आठ किलोमीटरच्या वर जाते, ती धातूला वाकायलाही वेळ देत नाही.

खाणवाल्यांचं अमोनियम नायट्रेट मात्र खत म्हणून गावोगाव पडून असायचं. स्फोटांमध्ये ते वारंवार दिसायला लागल्यावर २०१२ मध्ये त्यासाठी वेगळे नियम आले, साठा आणि वाहतूक दोन्हीला परवाना लागतो.

---

संतापलेला_मतदार

म्हणजे एकंदर काय, १८० च्या वर माणसं लोकलमध्ये मेली आणि लाखेच्या एका थेंबापायी सगळे सुटले. कायदा आंधळा नाही, मूर्ख आहे. त्या वकिलांना झोप कशी लागते? पेवसाहेब, तुम्ही "लाखेचं होतं" म्हणून ठोकून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

---

वकीलबाई (मिरज)

ठोकून दिलं असतं तर पंच खोटी साक्ष देतात हे सिद्ध झालं असतं, एवढंच. पुढच्या वेळी तुमच्या भावाविरुद्ध कोणी ठोकून दिलं तर चालेल का?

आणि कृपा करून "लाखेपायी सुटले" असं लिहू नका. ७/११ चा निकाल सीलवर उभा नाही. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, आणि एवढ्या मोठ्या घटनेत बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेच सरकार पक्षाला शाबीत करता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कबुलीजबाब नाकारले. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं ते घटनेनंतर शंभरहून जास्त दिवसांनी. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे तेव्हा तो अधिकारच नव्हता. आणि जप्त केलेली स्फोटकं, सर्किटं प्रयोगशाळेत जाईपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित ताब्यात होती हे दिसलं नाही. सील त्या साखळीतली एक कडी. पुढे २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवलं नाही.

मालेगावात स्फोट झाला हे न्यायालयाने मान्यच केलं. पण सरकार पक्ष म्हणत होता त्या मोटरसायकलमध्येच बॉम्ब ठेवला होता हे सिद्ध झालं नाही. घटनास्थळाचा नकाशा काढलेला नव्हता, ठसे घेतलेले नव्हते, नमुने दूषित झालेले होते, हे निकालात आहे. तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले ते वेगळंच.

म्हणजे पेवरावांच्या चिंचेच्या झाडाची गोष्ट आणि या दोन खटल्यांची गोष्ट, आकार सोडला तर एकच. पंचनाम्यात 'जागीच' लिहिण्याची आपली सवय. पंचनामा ठाण्यात बसून टाइप होतो, जुन्या पंचनाम्यातले शब्द तसेच उतरतात, आणि मग खरं बोलणारा पंचच सरकारी पक्षाला अडचणीचा ठरतो. तुम्ही खरं बोललात, पेवराव. खोटा कागद होता.

---

संतापलेला_मतदार

बरं, मान्य, ओळख परेडचं मला माहीत नव्हतं. पण मग खरे कोण? मेलेल्यांच्या घरच्यांनी कोणाकडे बघायचं?

---

वकीलबाई (मिरज)

याला माझ्याकडे उत्तर नाही. चुकीचा माणूस आत गेला की खरा शोधायचं काम त्याच दिवशी थांबतं, तपास अधिकाऱ्याची फाइल बंद झालेली असते.

---

गोधडी_आणि_इतिहास

मालेगावच्या निमित्ताने एक सरळ प्रश्न, तो तपास कोणाच्या सांगण्यावरून

---

संपादक

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. दोन्ही खटल्यांतल्या कोणत्याही बाजूचं राजकारण या धाग्यावर नको, त्यासाठी वेगळे तीन धागे आधीच पेटलेले आहेत. इथे तपासाची पद्धत यावर बोला.

---

मेढ्याचा माणूस (जावळी)

मग मी माझ्या तालुक्याबद्दल बोलतो. केडंबे आमच्या जावळीतलं. तुकाराम ओंबळे तिथले. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबची रायफल छातीशी धरून ठेवली. त्यांच्या शौर्यावर भाषणं पुष्कळ होतात, आमच्याकडे दरवर्षी होतात. पण तपासाच्या अंगाने कोणी बोलत नाही. दहा हल्लेखोरांतला एकच जिवंत हाती लागला, तो त्या पकडीमुळे. बाकीचे पुरावे, म्हणजे हल्लेखोरांनी पळवलेली कुबेर बोट, जीपीएस यंत्रं, रबरी होडीचं यामाहाचं इंजिन आणि त्याचा नंबर, हे सगळं बोलतं झालं ते कसाबच्या जबाबाशी जुळवून बघता आलं म्हणून. ते जिवंत माणूस पकडून ठेवणं हेही पुरावा जपणंच की. २००९ ला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

---

कृष्णाकाठचा कोल्हा (सांगली)

+१. आणि त्याच २६/११ ची दुसरी बाजू. सीएसटीवर पळापळीत सुटलेल्या बॅगा पोलिसांनी गोळा करून एका ढिगात ठेवल्या होत्या. जवळपास आठवड्याने, ३ डिसेंबरला, त्या ढिगातल्या एका बॅगेत जिवंत बॉम्ब निघाला. तोपर्यंत स्टेशन पुन्हा सुरू झालेलं, शेजारून हजारो माणसं रोज जात होती. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

अवांतर: मिरज जंक्शनला मी एकदा प्रत्यक्ष 'बॉम्ब' पाहिला आहे. चार नंबरला बेवारस निळी बॅग. पोलिसांनी दोरी लावली, कुत्रं मागवलं. प्लॅटफॉर्मवरचे लोक लांब जायच्या ऐवजी दोरीला पोट लावून मोबाइल वर करून उभे. एकजण लेकराला खांद्यावर घेऊन दाखवत होता, "ते बघ, ते बघ भूभू." आत निघालं काय, तर दोन पातळं, उटण्याचं पाकीट आणि दोन किलो भडंग. बाई हुबळीच्या गाडीत चढताना विसरल्या होत्या. पण ती भडंग नसती तर पहिल्या रांगेत ते लेकरू होतं.

---

भडंग_चिवडा_नव्हे (सांगली)

माझा आयडी यात विनाकारण ओढला गेला आहे.

---

आटपाडीची_पोर (सध्या पुणे)

खाकीकाका, एक विचारू? सिनेमात गाडीच्या तुकड्यावरून गुन्हेगार सापडतो, ते खरंच होतं का?

---

निवृत्त खाकी (सातारा)

होतं गं बाई. बॉम्ब ठेवणाऱ्याला वाटतं स्फोटात सगळं गेलं. पण जाड लोखंड जात नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला १९ एप्रिल १९९५ ला ट्रकभर स्फोटकं उडवली, १६८ माणसं गेली. त्या ट्रकचा मागचा ॲक्सल लांब फेकला गेला होता, त्यावर नंबर होता. नंबरावरून भाड्याने ट्रक देणारं दुकान, दुकानातून माणूस. आणि गंमत ऐक, तो माणूस तोपर्यंत तुरुंगातच होता. स्फोटानंतर दीडेक तासाने त्याच्या गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून रस्त्यावरच्या एका पोलिसाने थांबवलं, जाकिटाखाली पिस्तूल सापडलं. आपल्या ट्रॅफिक हवालदाराला लोक हसतात, म्हणून सांगितलं.

आपल्याकडे १९९३ ला तेच. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. वरळीला हल्लेखोर एक मारुती व्हॅन सोडून गेले होते, तिच्या नोंदणीवरून मेमन कुटुंबाचं घर सापडलं. दादरला एक स्कूटर न फुटता राहिली होती. फुटलेल्या बॉम्बपेक्षा न फुटलेला जास्त बोलतो. जतकरांचा न फुटलेला बार तो हाच, फक्त त्याच्याकडे 'दुसऱ्या दिशी' जायची सवलत आम्हाला नसते.

---

ऊसमळी (वाळवा तालुका)

श्रीपेरुंबदूरही आठवतं. २१ मे १९९१. राजीव गांधींच्या सभेत फोटो काढणारा स्वतः मेला, पण त्याचा कॅमेरा जागेवर शाबूत मिळाला. त्यातल्या फोटोंवरून हार घेऊन उभी असलेली हल्लेखोर बाई ओळखू आली. तमिळनाडूच्या न्यायसहायक विभागाचे प्रमुख डॉ. चंद्रशेखरन यांनी जखमा आणि कापडाच्या तुकड्यांवरून बॉम्ब तिच्या कमरेला बांधलेला होता हे मांडलं. कॅमेरा कोणी 'सापडला' म्हणून खिशात घातला असता तर?

---

आटपाडीची_पोर (सध्या पुणे)

म्हणजे आता सीसीटीव्ही आहे म्हणून सोपं झालंय?

---

वकीलबाई (मिरज)

अर्धं सोपं, अर्धं अवघड. दुकानातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहितो, म्हणून पहिल्या दिवशीच तो ताब्यात घ्यावा लागतो. नुसतं फुटेज पेनड्राइव्हमध्ये उतरवून चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० ला हे ठाम सांगितलं. तेव्हा कलम ६५-ब होतं, आता नव्या साक्ष्य कायद्यात ६३.

१ जुलै २०२४ पासून दोन चांगले बदल झाले. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यायचं आणि चित्रीकरण करायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण. म्हणजे पेवराव, आज ती जप्ती झाली असती तर चिंचेचं झाड व्हिडिओत दिसलं असतं आणि 'जागीच' लिहायची कोणाची छाती झाली नसती. निदान मी तरी तशी आशा धरून आहे. परवाच एका प्रकरणात व्हिडिओ बघितला, चोवीस सेकंदांचा, त्यात निम्मा वेळ हवालदाराचा अंगठा.

---

निवृत्त खाकी (सातारा)

अंगठा आमचाच असणार!

आता एक जड गोष्ट लिहितो. धागा वाचताना दोन दिवस मनात घोळतेय. नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारमध्ये स्फोट झाला. त्याआधीच फरिदाबादहून मोठा साठा पकडला होता, तो श्रीनगरच्या नौगाम ठाण्यात नेऊन ठेवलेला. १४ नोव्हेंबरच्या रात्री तिथे त्याचे नमुने काढणं चालू होतं आणि तो माल उडाला. अपघात. ९ माणसं गेली. त्यांत प्रयोगशाळेचे लोक होते, पोलीस होते, पोलिसांचे फोटोग्राफर होते, महसूल खात्याचा एक नायब तहसीलदार होता. आणि एक शिंपी होता. नमुन्यांच्या कापडी पिशव्या शिवायला बोलावलेला.

आमच्या वेळी पण पिशव्या शिवायला बाजारातला माणूस आणायचो. सुई-दोरा, मांजरपाट, चहा पाजायचा, वीस रुपये द्यायचे. त्याचं नाव कुठल्या कागदावर नसायचं.

---

मेढ्याचा माणूस (जावळी)

…

---

जतचा बार (जत)

त्या शिंप्याला काय ठावं आसंल आत काय हाय ते.

---

हरिपूरचं पेव (सांगली)

सगळ्यांचे आभार. शिंप्याचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्या वेळीही एकजण होता, पुडकी शिवणारा. टेबलफॅनच्या दुकानाशेजारी त्याचं मशीन असायचं. त्याने मला विचारलं होतं, "साहेब, हे फुटत नाही ना?" मी म्हणालो होतो, "सरकारी काम आहे, फुटायचं नाही." कशाच्या जोरावर म्हणालो कुणास ठाऊक.

संतापलेल्या मतदारांनी विचारलं होतं, ठोकून का दिलं नाही. खरं सांगायचं तर सुचलंच नाही.

---

आटपाडीची_पोर (सध्या पुणे)

पेवकाका, मग ते सील शेवटी कसलं होतं? आठवलं का?

---

हरिपूरचं पेव (सांगली)

आठवलं. कोर्टातून आलो त्याच संध्याकाळी. शर्ट काढून खुंटीला लावला तर मंडळी म्हणाल्या, "हा का घालून गेलात, याची बाही मी रफू केलेली, लोकांत दिसते." चिंचेखाली वितळलेल्या लाखेचा थेंब बाहीवर पडून भोक पडलं होतं, चार वर्षांपूर्वी. तोच शर्ट घालून मी साक्षीला उभा होतो.

---

वकीलबाई (मिरज)

अहो काय हे.